गुरुवारचा दमा

डॉक्टर त्रिशला मगदूम पेशंटवर ओरडतात, ही तळसंगीच्या औद्योगिक वसाहतीत कुणाला नवी गोष्ट नव्हती. बिडी सोडली नाही म्हणून ओरडायच्या, पंप चुकीचा ओढला म्हणून ओरडायच्या, आणि जरा बरं वाटलं की औषध बंद करणाऱ्या माणसाला तर अशा सोलून काढायच्या, की पुढच्या वेळी तो बायकोला पुढं घालून यायचा. तरी लोक त्यांच्याकडेच यायचे. वसाहतीच्या कामगार दवाखान्यात सतरा वर्षं टिकलेला दुसरा डॉक्टर नव्हता, आणि छातीला नळी लावून निवांत ऐकणारा तर नव्हताच.

२०४३ सालच्या एका शुक्रवारी सकाळी ओरडा खायची पाळी पूनम लोहारवर आली. पूनम छत्तीस वर्षांची, 'पाचक' कंपनीत पिशव्या भरायच्या खात्यात कामाला. गुडघ्यांवर तळवे टेकवून ती खुर्चीत पुढं वाकून बसली होती, आणि एका दमात चार शब्दांच्या वर तिला बोलता येत नव्हतं. त्रिशलाबाईंनी तिच्या गळ्यातल्या, श्वासाची नोंद ठेवणाऱ्या मण्यावर यंत्र धरलं. पडद्यावर आकडे आले. दम्यात कामाचा वाटा एकोणीस टक्के, घराचा एक्याऐंशी.

"मागच्या महिन्यात अठ्ठ्याहत्तर होता," बाई म्हणाल्या. "पूनम, मी काय काय सांगितलं होतं?"

पूनमनं तुटक तुटक सांगितलं की सगळं केलं. धूप बंद केला, उशा बदलल्या, सासूची जुनी गोधडी जाळून टाकली. कोंबड्या तेवढ्या राहिल्या होत्या. झालं, बाईंचा पारा चढला. पिसं, घाण आणि त्यातले किडे यांवर पाच मिनिटं तोफ डागून झाल्यावर त्यांनी कोंबड्या उद्याच्या उद्या कुणालातरी देऊन टाकायला सांगितल्या. मग जरा समजुतीच्या सुरात म्हणाल्या, की घरात कमी थांबत जा. कंपनीत जादा पाळी मिळत असेल तर घे. तिथली हवा तुला घरापेक्षा बरी मानवते, हे मीच नाही, हा मणी सांगतोय.

पूनम मान डोलावून गेली. तिचा डॉक्टरबाईंवर विश्वास होता.

पाचक कंपनीचं खरं नाव लांबलचक होतं, पण ते दारावरच्या पाटीखेरीज कुठं वापरात नव्हतं. तिथं प्लास्टिक खाणारी पावडर बनायची. आपल्या पोटात अन्नाचे तुकडे करणारी विकरं असतात, तसंच हेही एक विकर, म्हणजे एक प्रकारचं प्रथिनच. फक्त हे भाकरीऐवजी प्लास्टिकच्या लांब साखळ्या कापायचं. कचऱ्याच्या डोंगरावर ही पावडर मिसळलेलं पाणी शिंपडलं, की चार महिन्यांत डोंगर बसायचा. देशभरातून तिला मागणी होती, मंत्री येऊन कारखान्यापुढं फोटो काढून घ्यायचे, आणि तळसंगीच्या दोन हजार घरांची चूल त्यावर पेटायची. अशा कंपनीत खोट काढायला कुणाची जीभ रेटणार?

खोट एकच होती. प्रथिनाची बारीक धूळ पुन्हा पुन्हा नाकात गेली, तर काही माणसांचं शरीर तिला शत्रू समजू लागतं. हे समजायला कधी महिने लागतात, कधी दोन वर्षं. पण शरीर एकदा चिडलं की चिडलं. मग चिमूटभर धूळही पुरते. श्वासनळ्या आवळतात, आतून सुजतात, छातीत शिट्ट्या वाजू लागतात. पंपानं नळ्या तात्पुरत्या सैल होतात, पण खरा उपाय एकच, त्या धुळीपासून माणसाला दूर काढणं. तेही लवकर. वर्ष-दोन वर्षं उशीर झाला, तर पुढं धूळ थांबली तरी दमा थांबत नाही. म्हणून अशा पेशंटच्या डॉक्टरला सगळ्यात आधी एका प्रश्नाचं उत्तर शोधावं लागतं. हा दमा कामाचा, की घरचा?

पूर्वी हे उत्तर काढायला कामगाराच्या हाती फुंकायची नळी द्यायचे. दिवसातून चार वेळा फुंकायचं, आकडा लिहायचा, असं महिनाभर. कामाच्या दिवशी श्वास खाली आणि सुट्टीला वर गेला, तर दमा कामाचा. पण कामगार महिनाभराचे आकडे शेवटच्या दिवशी एका बैठकीत मनानं लिहून आणायचे आणि कंपन्यांचे वकील त्या कागदांच्या चिंधड्या उडवायचे.

श्वासमण्यानं हा सगळा खेळ मोडून काढला. हरभऱ्याएवढा मणी, गळ्याच्या खळगीपाशी बसणारा. प्रत्येक श्वासाची शिट्टी आणि लांबी तो ऐकायचा, माणूस कंपनीत आहे की घरी याची नोंद ठेवायचा, आणि महिन्याच्या शेवटी हिशेब मांडायचा. धुळीचा त्रास कधीकधी सहा-सात तासांनी उसळतो, म्हणून पाळी सुटल्यानंतरचे पहिले आठ तासही तो कामाच्याच नावावर धरायचा. बायकांनी तो मंगळसूत्रातच ओवून घेतला होता. कायदाही झाला होता. कामाचा वाटा निम्म्याच्या वर गेला, तर कंपनीनं माणसाला त्याच पगारावर धुळीबाहेरच्या खात्यात हलवायचं. निम्म्याच्या खाली असेल, तर दमा घरचा. माणसानं सहा महिन्यांत बरं व्हायचं, नाहीतर अपात्र म्हणून घरी बसायचं. दाखल्यावर सही दवाखान्याच्या डॉक्टरची.

हा मणी सन्मती मगदूमनं बनवला होता, त्रिशलाबाईंच्या धाकट्या भावानं. त्यांचे वडील जयसिंगपूरच्या तंबाखूच्या वखारीत मुकादम होते आणि दम्यानं गेले. मालक शेवटपर्यंत म्हणत राहिला, की मगदूमांना दमा वखारीनं नाही, घराण्यातूनच आलाय. त्या एका वाक्यापायी सन्मतीनं आयुष्यातली अकरा वर्षं घातली. पहिले दोनशे मणी त्रिशलाबाईंनी आपल्याच पेशंटांच्या गळ्यात घातले होते, आणि भावाचं नाव निघालं की त्यांच्या आवाजातला खरखरीतपणा जायचा.

पाचकमधल्या एकशे अकरा जणांना दमा निघाला. अठ्ठेचाळीस पुरुषांचा मण्यानं कामाचा ठरवला. ते सगळे वेगळ्या खात्यात गेले आणि बहुतेक बरे झाले. त्रेसष्ट बायकांचा ठरवला घरचा. बाईंना यात वावगं काही दिसलं नाही. बायका घरात वावरतात, धूर, धूप, गोधड्या, जनावरं त्यांच्याच वाट्याला येतात, असं त्यांनी पुण्याच्या परिषदेत आकड्यांसकट मांडलंसुद्धा. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत सन्मती बसला होता.

त्या शुक्रवारनंतर पाच महिन्यांनी एका गुरुवारी दुपारी पूनमचा नवरा दीपक धापा टाकत दवाखान्यात शिरला. तोही पाचकमध्येच होता, यंत्रांवर. पूनमला श्वास मिळत नव्हता, आणि वसाहतीची रुग्णवाहिका दुसरीकडं गेली होती. बाईंनी प्राणवायूची छोटी टाकी मांडीवर घेतली आणि त्याच्या गाडीवर मागं बसल्या. गुरुवारी वसाहतीचा आठवडी बंद असतो, त्यामुळं रस्ते मोकळे होते.

माळवाडीच्या गल्लीत पूनम उंबऱ्यावर बसली होती, ओठ निळे, मान ताठ, शेजारणी पदरानं वारा घालत होत्या. बाईंनी इंजेक्शन दिलं, मुखवटा बांधला, वाफ सुरू केली आणि तिची पाठ आपल्या छातीशी धरून बसून राहिल्या. वीस मिनिटांनी शिट्ट्या खालच्या पट्टीत आल्या. ओठांवर रंग आला. तेव्हा कुठं बाईंनी दीपकला विचारलं, की त्रास सुरू झाला तेव्हा ती काय करत होती?

"काय न्हाई," दीपक म्हणाला. "घरातच हुती की. कापडं धूत हुती."

बाईंनी मान वर केली. गल्लीत ऊन लख्ख पडलं होतं. समोरच्या दारात रेश्मा मुल्ला कंपनीचा निळा कोट दोन्ही हातांनी धरून भिंतीवर सपासप झटकत होती, आणि प्रत्येक झटक्यासरशी उन्हात पिवळसर धुळीचा लोट उठत होता. तिच्या पलीकडची बाईही तेच करत होती. पलीकडच्या पलीकडचीही. सबंध गल्ली कंपनीचे निळे कोट झटकत होती. पूनमच्या अंगणात दगडावर तसेच सहा कोट पडले होते. दोन तिचे, दोन दीपकचे, दोन दिराचे.

बाई उठून रेश्माकडे गेल्या आणि थेट भिजवत का नाही म्हणून त्यांनी विचारलं. रेश्माला प्रश्नच येडपटासारखा वाटला असावा. ती म्हणाली, "थेट पाण्यात घातलं की पावडरीचा चिकट थर बसतोय ओ. मग आपटून आपटून हात मोडले तरी निघत न्हाई. आधी कोरडं झटकायचं, मग भिजवायचं." शुक्रवारी सकाळी फाटकावर कोट तपासतात, डाग दिसला तर घरी धाडतात. चार वर्षांपूर्वी कंपनीचं स्वतःचं धुलाईघर होतं, ते बंद करून टाकलं. पावसाळ्यात कुठं झटकता, असं विचारल्यावर ती म्हणाली, खोलीतच की, दार लावून. नाहीतर लोकांच्या घरात उडतंय.

कंपनीत या बायकांच्या नाकावर मुखवटा असायचा आणि डोक्यावर धूळ ओढून घेणारं धुराडं. घरी नाकाला पदर. आठवड्याभरात चुकवलेली धूळ त्या दर गुरुवारी, एका दुपारी, बंद खोलीत छातीत भरून घेत होत्या. आणि पूनमनं जादा पाळ्या घेतल्या होत्या, म्हणजे कोटांत जादा धूळ. डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

बाई दवाखान्यात परत आल्या, दार लावलं आणि त्रेसष्ट फायली काढल्या. प्रत्येकीत तपासणीचा अर्ज होता, आणि त्यात एक प्रश्न होता, सुट्टीच्या दिवशी कोणतं काम करता? उत्तरं बाईंच्याच अक्षरात होती. काही नाही, घरीच असते. काही नाही. काही नाही, आराम. त्रेसष्ट वेळा त्यांनी हे लिहून घेतलं होतं आणि एकदाही पेन थांबलं नव्हतं. बायकांना कोट धुणं हे काम वाटलं नाही, कारण ते काम आहे असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आणि विचारणारी बाई स्वतः बाई असून तिला शंका आली नाही, कारण तिचे कपडे गेली वीस वर्षं यंत्र धूत होतं. अठ्ठेचाळीस पुरुषांनीही तेच उत्तर दिलं होतं. त्यांचं मात्र खरं होतं.

त्रिशलाबाईंना आयुष्यात पुष्कळदा राग आला होता, पण तो नेहमी समोरच्याचा यायचा. स्वतःचा असा कधी आला नव्हता. तो कुठं काढायचा हेही त्यांना कळेना. त्यांनी परिषदेतल्या भाषणाचा कागद काढला आणि बारीक बारीक तुकडे केले. त्यानं काहीही झालं नाही.

मग त्या कामाला लागल्या. चौदा बायकांना तयार केलं, पूनम धरून. बुधवारी संध्याकाळी त्यांनी घरातले सगळे कोट बंद पिशव्यांत घालून दवाखान्यात आणून द्यायचे, गुरुवारी घरात कोटाला हात लावायचा नाही. गुरुवारी सकाळी मुखवटे बांधून डॉक्टर आणि त्यांच्या सिस्टर दवाखान्यामागच्या हौदावर ते कोट थेट पाण्यात घालून धुवायच्या. रेश्मा म्हणाली होती तस्साच चिकट थर बसायचा. घासून घासून बाईंच्या बोटांची सालं निघाली. असे सहा गुरुवार गेले. मण्यांमधला घराचा सरासरी वाटा शहात्तर टक्क्यांवरून अकरावर आला, आणि जुन्या नळीवर फुंकून काढलेले आकडेही तेच सांगू लागले.

बाईंनी भावाला फोन करून सगळं सांगितलं. तो रविवारी पुण्याहून स्वतः आला. जेवायला बसण्याआधीच त्यानं सगळे आकडे पाहिले.

"अक्का," तो म्हणाला, "मण्यानं एकही आकडा खोटा दिलेला नाही."

"मग खोटं कोण बोललं?"

तो म्हणाला की कुणीच नाही. मणी जागा सांगतो, कारण सांगत नाही. पुढच्या मण्यात तो कपड्यांचा प्रश्न घालेल, धुळीचा माग काढायचंही काहीतरी बसवेल. पण झालेले निकाल उकरू नयेत. तीन राज्यांत चाळीस हजार दाखले या मण्यावर दिलेत. एक उघडला की सगळे उघडतील, वकील पुन्हा चिंधड्या उडवतील, आणि ज्या हजारो माणसांना मण्यामुळं न्याय मिळाला तोही जाईल. एवढं बोलून तो थांबला आणि मग खालच्या आवाजात म्हणाला, "आणि सही तुझी आहे, अक्का. कायद्यानं मणी नुसता मदतनीस आहे."

तो धमकी देत नव्हता, बहिणीसाठी घाबरला होता. बाईंना ते कळलं आणि त्यामुळं त्यांचा आणखीच तिळपापड झाला. पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "बाबांची कापडं कोण झटकायचं, सन्मती?"

सन्मतीनं मान वर केली. जयसिंगपूरच्या घराचं मागचं दार त्याला आठवलं असावं. आई रोज संध्याकाळी तिथं उभी राहून सदरे झटकायची, आणि शिंकत, खोकत आत यायची. वडिलांचा दमा सगळ्या गल्लीला माहीत होता. आईचा खोकला घरातल्या घरातच राहिला, आणि न्यूमोनिया म्हणून तिला जाळून आले तेव्हाही त्याचं नाव कुणी काढलं नाही. सन्मतीनं अकरा वर्षं वडिलांसाठी घातली होती. तो उठला, चपला घातल्या आणि वाढलेलं ताट तसंच ठेवून पुण्याला निघून गेला.

त्यानंतर कंपनीचे आरोग्याधिकारी कारेकर आले. सभ्य माणूस, हळू बोलणारा. गुरुवारचे कोट दवाखान्यात धुतले जातात हे त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी सुचवलं की कंपनी धुलाईघर पुन्हा सुरू करेल, येत्या महिन्यातच, सदिच्छा म्हणून. मॅडमनी झालेले दाखले तसेच राहू द्यावेत. त्यात कुणाचंच नुकसान नाही. बाईंनी त्यांना विचारलं की ज्या त्रेसष्ट जणींच्या छातीचं वाटोळं झालंय, त्या 'कुणी'मध्ये येतात की नाही? कारेकर म्हणाले की त्यांच्याबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटतं. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली, पण धुलाईघराचा मोहही झाला. धूळ तर उद्याच थांबली असती. दाखल्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी मंडळापुढं गेलं तर वर्ष जाईल, आणि कंपनी तोवर काही करणार नाही.

त्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि त्या पूनमच्या घरी गेल्या. पूनमच्या हातात कंपनीचं पत्र होतं. सहा महिने भरले होते. अपात्र. अंगणात कोंबड्या नव्हत्या, आणि आतल्या खाटेवर सासू नव्हती. बाईंनी कारेकरांचं म्हणणं तिला जसंच्या तसं सांगितलं.

"धुलाईघर हू दे की," ती म्हणाली. "पण माझ्या कागदावर काय लिवलंय? माझ्या घरानं मला दमा दिला. सासूच्या गोधडीनं दिला. त्या नणंदेकडं जाऊन ऱ्हायल्यात, माझ्यामुळं सुनेला तरास नको म्हणून. त्यास्नी काय सांगू मी?"

बाई म्हणाल्या की कंपनीचा राग त्यांनाही आलाय, भयंकर आलाय.

"तुमी कंपनीवर चिडताय," पूनम म्हणाली. दम खायला थांबली. "मी कुणावर चिडू?" आणि तिनं बाईंकडं पाहिलं, नजर न हलवता.

दुसऱ्या दिवशी त्रिशलाबाईंनी त्रेसष्ट दाखले चुकीचे असल्याचा अर्ज स्वतःच्या सहीनं मंडळाकडे दाखल केला. धुलाईघर अर्थातच झालं नाही. सात महिने बाई आणि सिस्टर कोट धूत राहिल्या, चौदांचे तीस झाले, पुढं हौद पुरेना. निम्म्याहून अधिक जणी तशाच झटकत राहिल्या, आणि त्यातल्या दोघी त्या काळात दवाखान्यात भरती झाल्या. दवाखान्यातल्या वरिष्ठांनी बाईंना खुलासा मागितला. माळवाडीतही सगळे बाजूला होते असं नाही. कंपनी बंद पडली तर खायचं काय, असं दारात येऊन विचारणारे होते, आणि त्यांचंही चूक नव्हतं.

सांगलीत सुनावणी झाली. कंपनीचा वकील हुशार होता. सहा गुरुवार आणि चौदा बायका, एवढ्यावर विज्ञान ठरत नाही, असं त्यानं ठासून सांगितलं आणि बाईंचं परिषदेतलं भाषण त्यांनाच वाचून दाखवलं. बाईंनी उभं राहून ते शेवटपर्यंत ऐकलं. पण सुनावणीच्या आदल्याच दिवशी मंडळाकडे पुण्याहून एक नोंद आली होती. त्रेसष्ट मण्यांचे तीन वर्षांतले सगळे गुरुवार, तासातासाला मोडून. प्रत्येक बाईचा श्वास सकाळी ठीक होता आणि धुण्याच्या वेळेला कोसळत होता. सोबत पत्र नव्हतं, खाली सन्मती मगदूमचं नाव होतं. त्यानं बहिणीला फोन केला नाही. मणी विकणाऱ्या त्याच्या पुण्याच्या कंपनीनं त्याला काढल्याचं तिला नंतर दुसऱ्याकडून कळलं.

मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं की मग यंत्र चुकलं का?

"यंत्राला जेवढं विचारलं तेवढं त्यानं सांगितलं," बाई म्हणाल्या. "बायकांना विचारायचं काम माझं होतं. मी विचारलं नाही, मी फॉर्म भरला. चूक माझी आहे. पण कोट घरी धुवायला लावणारी कंपनी आहे, आणि हे तिला धुलाईघर बंद करायच्या दिवशी माहीत होतं. धूळ तिची, फाटक तिचं, नियम तिचा." त्या कंपनीच्या वकिलाकडं वळल्या. "त्या बायकांची घरं तुम्ही कारखान्याचं एक खातं केलंत, आणि वर त्यांनाच घरात स्वच्छता ठेवा म्हणून सांगितलंत. मीही सांगितलं." त्यांचा आवाज चढला होता. अध्यक्षांनी शांत व्हायला सांगितलं. त्या झाल्या नाहीत.

निकाल बायकांच्या बाजूनं लागला. त्रेसष्ट दाखले रद्द होऊन दमा कामाचा म्हणून नोंदला गेला. कोट फाटकाच्या आतच धुवायचे, असा हुकूम निघाला. पूनमला धुळीबाहेरच्या खात्यात, नोंदवहीच्या कामावर परत घ्यायला लागलं. त्रिशलाबाईंवर वैद्यक परिषदेची चौकशी बसली, ती त्यांना अपेक्षितच होती. गल्लीतल्या बायकांनी पेढे वाटले. बाईंनी एक घेतला आणि कुणाचं लक्ष नसताना टेबलाच्या खणात ठेवून दिला.

महिन्याभरानं पूनम दवाखान्यात आली. बाईंनी तिला नळीवर फुंकायला लावलं, तीन वेळा. जितका यायला हवा त्याच्या साठ टक्के श्वास होता. धूळ सुटून आठ महिने झाले होते, तेव्हा हा आकडा आता फारसा वर जाणार नव्हता. बाईंनी ते न लपवता सांगितलं. पूर्वी असं काही सांगताना त्या पेशंटला एखादं तरी कारण चिकटवायच्या. या वेळी त्यांच्यापाशी चिकटवायला कारण नव्हतं. आधी वर्षभर लवकर कळलं असतं तर बरी झाली असतीस, हेही त्यांनी सांगितलं, कारण ते खरं होतं आणि तिला ते कळायचा हक्क होता.

पूनमनं ऐकून घेतलं. सासू परत आल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "माझी फाईल द्याल का? मी आता मिरजेच्या डॉक्टरकडं जाणार हाय."

बाईंनी फाईल काढली, पहिल्या पानावर आपल्या चुकीची नोंद आहे ना हे पाहून घेतलं, आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली. पूनमनं ती पिशवीत घातली, येतो म्हणाली आणि निघाली.

दम्याचा दवाखाना पहिल्या मजल्यावर ठेवणाऱ्या सरकारी डोक्याला बाईंनी सतरा वर्षं शिव्या घातल्या होत्या. आता त्या जिन्याच्या वरच्या टोकाला उभ्या राहून खाली बघत होत्या. पूनम उतरतानासुद्धा थांबत होती. पाचव्या पायरीवर तिनं कठडा धरला, खांदे वर उचलून श्वास घेतला, आणि तो पुरेना म्हणून पुन्हा घेतला. बाई भराभर उतरल्या आणि त्यांनी तिच्या दंडाला धरलं.

पूनमनं त्यांचा हात हळूच सोडवला, कठड्यावर ठेवावा तसा बाजूला केला. रागानं नाही.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "सवय झालीया." आणि एकेक पायरी मोजून उतरू लागली.